डिकीतला जोड

जुनी हिरवी गाडी तपासणीत नापास झाली ती मागच्या दिव्यांमुळे. इंजिन ठणठणीत, ब्रेक चोख, पत्र्याला कुठे गंज नाही. पण तपासनिसाने मागे उभं राहून "ब्रेक दाबा" म्हटलं आणि डावा दिवा उजळायच्या ऐवजी होता तोही विझला. उजवा मिणमिणत राहिला आणि इंडिकेटर टाकल्याबरोबर त्याच्या तालावर लुकलुकायला लागला. तपासनीस म्हणाला, "मागे दिवे आहेत की करमणूक?" आणि कागदावर फुली मारून पुढच्या गाडीकडे वळला.

गाडी घेऊन गेली होती धाकटी. घरात भावंडं दोनच, थोरला आणि धाकटी. त्रेचाळीस वर्षांची झाली तरी नात्यागोत्यात तिला सगळे धाकटीच म्हणत. ती एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करायची आणि म्हाताऱ्या वडिलांबरोबर राहायची. थोरला भाऊ एकवीस-बावीस वर्षं परदेशी होता. गाडी वडिलांनी मागेच त्याच्या नावावर केली होती. आता त्याला एक हौशी गिऱ्हाईक मिळालं होतं, जुन्या गाड्या जमवणारं. तो रजेवर यायचा होता, आणि त्याआधी गाडी तपासून तयार ठेवायचं काम, घरातल्या बाकी सगळ्या कामांसारखं, धाकटीकडे आलं होतं.

तिने संध्याकाळी भावाला फोनवर सांगितलं.

"मागचे दिवे?"

"हो. दोन्ही."

"तू हात लावू नकोस हं. म्हणजे तसं नाही. कुणा चांगल्या मेकॅनिकला दाखव. बल्ब बदलायला सांग, बाकी काही उकरायला सांगू नकोस. उगीच तुला जुनं सगळं आठवायला नको."

भाऊ काळजीने बोलतोय असंच तिला वाटलं. फोन ठेवताना तिला थोडं भरूनही आलं.

जुनं सगळं म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं.

एकविसाव्या वर्षी धाकटी गाड्यांच्या वायरिंगचं काम शिकत होती. तंत्रशाळेच्या त्या वर्गात ती एकटीच मुलगी. सुरुवातीला पोरं हसायची, मग आपापल्या अडलेल्या तारा घेऊन तिच्याच टेबलापाशी यायची. वडिलांना तिचं भारी कौतुक. त्यांनी जिवापाड जपलेली हिरवी गाडी तिच्या हवाली केली. "हिचं सगळं वायरिंग नव्याने कर," ते म्हणाले. "जमलं तर तुला गॅरेज काढून देतो. नाही जमलं तर सगळे मिळून चालत जाऊ."

जमलं. दोन महिने खपून तिने पुढच्या दिव्यांपासून मागच्या दिव्यांपर्यंत एकूण एक तार बदलली. ज्या दिवशी सगळं लागलं त्या दिवशी वडिलांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून हॉर्नसुद्धा वाजवून दाखवला.

त्यानंतर दीड महिन्याने अपघात झाला. आई-वडील मावशीकडून परत येत होते. दिवेलागणीची वेळ होती. उतारावरच्या वळणावर मालाचा ट्रक मागून येऊन आदळला. ट्रकवाला म्हणाला, पुढे गाडी आहे हेच दिसलं नाही, मागे एकही दिवा नव्हता. रस्त्याकडेच्या दोघातिघांनीही तेच सांगितलं. वडिलांच्या पायाचं हाड मोडलं, ते तीन महिन्यांनी काठी टेकत चालायला लागले. आई मागच्या सीटवर होती. तिचं कमरेखालचं शरीर कायमचं गेलं.

दवाखान्यात पोलिसाने विचारलं, वायरिंग कुणाकडून करून घेतलं होतं? थोरला तेव्हा चोवीस वर्षांचा. तो म्हणाला, "बहिणीने केलं. ती शिकतेय अजून." पोलिसाने धाकटीकडे पाहिलं. तिने मान हलवली. खोटं काय होतं त्यात?

मावशी तिथेच कॉरिडॉरमध्ये उभी होती. "माझ्या बहिणीला अंथरुणाला खिळवलंस," एवढं ती बोलली आणि त्यानंतर धाकटीशी कधीच बोलली नाही. धाकटी घरात नसेल अशी वेळ साधून ती बहिणीला भेटून जायची.

धाकटीने अवजारांची पेटी तंत्रशाळेला देऊन टाकली. आई नऊ वर्षं अंथरुणावर होती. तिला उठवणं, कूस बदलणं, न्हाऊ घालणं, भरवणं, सगळं धाकटीने केलं. दोन चांगली स्थळं आली होती, तिने विषय वाढूच दिला नाही. आई तिला कधी वाकडं बोलली नाही. एकदाच, धाकटी तिचे केस विंचरत असताना, आरशात न बघता म्हणाली, "तू काय मुद्दाम थोडंच केलंस गं." आईने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं धाकटीला कितीतरी दिवस वाटत राहिलं.

आणि थोरला? तो अपघातानंतर सहा महिन्यांत परदेशी गेला. दर वर्षी त्याच तारखेला तो फोन करायचा. "चूक कुणाच्याही हातून होते," म्हणायचा. "मी तर केव्हाच विसरलो. तूही विसर." तिला वाटायचं, निदान एक माणूस तरी आपल्याला माफ करून बसलाय.

तर अशी ती गाडी. धाकटीने ती गावातल्या जुन्या गाड्यांच्या मेकॅनिककडे नेऊन टाकली. त्याच्या गळ्यात कायम करंट तपासायचा मीटर लटकलेला असे, म्हणून त्याला सगळे मीटरच म्हणत. पन्नाशीचा माणूस, बोलण्यात काटकसर, पण गाडीशी मात्र सारखा पुटपुटत असायचा.

तिसऱ्या दिवशी त्याचा ऑफिसात फोन आला. "ताई, जरा येऊन जाता का?"

ती गेली तेव्हा गाडीच्या डॅशबोर्डखालचा पत्रा काढलेला होता आणि मीटर तिथे डोकं घालून आडवा पडला होता.

"हे वायरिंग कुणी केलंय?" त्याने आतूनच विचारलं.

धाकटी म्हणाली, "का?"

तो बाहेर आला, हात पुसत. "मला त्या माणसाला भेटायचंय, म्हणून. हे बघा." त्याने बॅटरी मारली. तारांचा जुडगा चार चार बोटांवर मेणाच्या दोऱ्याने बांधलेला होता. प्रत्येक जोड कथलाचा डाग देऊन पक्का केलेला, त्यावर नळी चढवलेली. प्रत्येक तारेला कागदाची चिठ्ठी, वर व्हार्निश. "इतक्या वर्षांत एक जोड हललेला नाही. असं काम मी आयुष्यात दोनदा पाहिलं असेल. आणि तरी मागचे दिवे माझ्या नाकी नऊ आणतायत. बल्ब बदलले, होल्डर घासले, पेडलखालचा ब्रेकचा स्विच नवीन टाकला. करंट दिव्यापर्यंत येतोय राजासारखा. पण..."

"परत जात नाहीये," धाकटी म्हणाली.

मीटरने तिच्याकडे पाहिलं. "तुम्हाला कळतं यातलं?"

"कळायचं."

दिव्यापर्यंत आलेल्या करंटला परत जायला वाट लागते. दिव्यापासून एक तार काढून ती गाडीच्या पत्र्याला आवळतात, तीच ती वाट. तिला अर्थ म्हणतात. ती वाट तुटली की करंट शेजारच्या दिव्यातून चोरवाटेने जायला बघतो. मग ब्रेक दाबला की टेललाइट विझतो, इंडिकेटर टाकला की ब्रेकलाइट लुकलुकतो. आणि वाट पुरतीच तुटली तर मागे सगळा अंधार. शिकाऊ पोरालाही हे पहिल्या महिन्यात शिकवतात. धाकटीला ते बावीस वर्षं पाठ होतं. रात्री जाग आली की ती मनातल्या मनात त्याच एका बोल्टपाशी जायची. आपण तो नीट आवळला होता का? पत्रा पुरेसा घासला होता का? प्रत्यक्ष जाऊन बघायचं धैर्य मात्र तिला झालं नव्हतं. बघितलं असतं तर आपली चूक डोळ्यांनी दिसली असती.

"दोन्ही बाजूंची अर्थ एकत्र करून डिकीत डाव्या कोपऱ्यात आवळली आहे," ती म्हणाली. "आतल्या पुठ्ठ्याच्या मागे. मीच केलंय हे वायरिंग. तिथेच माझं चुकलं असणार."

मीटरने बॅटरी तिच्या हातात दिली आणि डिकी उघडली.

ती ऑफिसच्या कपड्यांनिशी डिकीत शिरली. पुठ्ठ्याचे स्क्रू गंजले होते, मीटरने ते सैल करून दिले. पुठ्ठा निघाला. धाकटीने आत बॅटरीचा झोत टाकला.

बोल्ट जागेवर होता, पण त्याखाली तिची तार नव्हती. तिची काळी तार बोल्टच्या वीतभर आधीच पकडीने तोडलेली होती. टोकाचं आवरण दातांनी सोलल्यासारखं फाटलं होतं आणि ते टोक एका जाड लाल तारेला हाताने पिळून लावलं होतं. लाल तारेचं एक टोक बोल्टखाली होतं, दुसरं तोडून टाकलेलं. पिळ्यावर टेप गुंडाळलेली. ती तिने बोटाने ढकलली तर अख्खी नळीसारखी सरकली. आतला पिळा हिरवा-काळा पडला होता आणि सैल होता, धक्का लागेल तसा चिकटत होता, सुटत होता.

"हा जोड तुमचा नाही," मागून मीटर म्हणाला. विचारत नव्हता, सांगत होता.

"नाही."

"एवढी जाड तार दिव्यांना कशाला? कुणीतरी इथे म्युझिकचा डबा बसवला होता. त्याला अर्थ हवी होती. बोल्टखाली दोन तारा मावेनात, म्हणून तुमची तोडली आणि दिली पिळून." त्याने वाकून डिकीचा तळ बोटांनी चाचपला. "ही बघा, चार भोकं. पुट्टी भरून बुजवलीत. डबा नंतर काढलेला आहे."

धाकटीने टेपवर झोत मारला. टेपवर हिरव्या रंगाचे बारीक बारीक शिंतोडे होते. गाडीचा मागचा भाग एकदाच रंगवला होता, अपघातानंतर, गाड्यांचा चेपलेला पत्रा ठोकून रंगवून देणाऱ्या डेंटरकाकांच्या शेडमध्ये. म्हणजे टेप त्या रंगाच्या आधीची. आणि जाड लाल तार तिने ओळखली होती. अपघाताच्या आधीच्या दिवसांत थोरल्याने कुठूनतरी मोठे स्पीकर आणले होते. ते त्याच्या खोलीत पलंगाखाली असायचे आणि त्यांच्या पाठीमागे अशीच लाल तार लोंबत असायची. गाडीत असलं काही बसवायचं नाही, असं वडिलांनी त्याला बजावलं होतं.

ती डिकीतून बाहेर आली आणि गॅरेजच्या बाकावर बसली. मीटरने पाण्याचा पेला आणून शेजारी ठेवला आणि तो दुसऱ्या गाडीकडे निघून गेला. तेवढं शहाणपण त्याच्याकडे होतं.

डेंटरकाका आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. शेड केव्हाच मोडली होती. धाकटी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी गेली, तेव्हा ते पायरीवर बसून एका जुन्या बादलीचं बूड ठोकून सरळ करत होते. कामाशिवाय त्यांना बसवत नसे. तिने ओळख सांगितल्यावर त्यांनी हातोडी खाली ठेवली.

"हिरवी गाडी," ते म्हणाले. "तुझी आई गेली ना गं?"

"तेरा वर्षं झाली. काका, एकच विचारायला आलेय. तेव्हा गाडी तुमच्याकडे ओढून आणली, तेव्हा डिकीत काय होतं?"

ते हाताच्या रेघांतला काळा मळ अंगठ्याने घासत राहिले.

"तुला माहीत नाही?"

"नाही."

"मला वाटायचं, घरात तुम्ही आपापसात बोलला असाल." त्यांनी सुस्कारा सोडला. "गाडी आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तुझा भाऊ आला. डिकी चेपून बसली होती, मी पहारीने उघडून दिली. आत हा एवढा डबा. त्याने तो सोडवला, तारा तोडल्या. मी म्हटलं, बाबा रे, ही दिव्यांची तार सुटलेली दिसतेय. तर म्हणाला, हो हो, ती लावतो. आणि पिळून, वर टेप गुंडाळून डबा घेऊन गेला. रडत होता. मला म्हणाला, काका, कुणाला सांगू नका."

"मग तुम्ही नाही सांगितलंत."

"सांगितलं की," काका म्हणाले. "असं कसं? माणूस मरता मरता वाचलेलं, आणि पोलिसांत तुझं नाव गेलेलं. मी दवाखान्यात जाऊन तुझ्या वडिलांना सगळं सांगितलं. पाय बांधून पडले होते. बराच वेळ छताकडे बघत होते. मग म्हणाले, ही गोष्ट इथेच राहू दे. मी म्हटलं, तुमच्या घरचा मामला, तुम्ही जाणा." ते थांबले. "माझं चुकलं का गं तेव्हा?"

ती त्यांना नमस्कार करून निघाली. भावाचं कळलं तेव्हा तिला संताप आला होता. पण वडिलांचं ऐकून कुणीतरी पायाखालची फरशीच काढून घेतल्यासारखं झालं. बावीस वर्षं ती ज्या माणसाच्या पायाला तेल चोळत होती, ज्याच्या लंगडण्याकडे बघून दर वेळी मनातल्या मनात माफी मागत होती, त्याला सगळं पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं.

घरी आली तेव्हा वडील खिडकीपाशी आपल्या खुर्चीत बसून संत्रं सोलत होते. सालीचे तुकडे बशीत एकावर एक नीट रचत होते.

"आज ऑफिस नाही?" त्यांनी विचारलं.

ती समोर स्टुलावर बसली. "बाबा, मी डेंटरकाकांकडे गेले होते."

त्यांचे हात थांबले. ते नाही म्हणतील, कानांवर हात ठेवतील, असं तिला वाटलं होतं. त्यांनी तसं काही केलं नाही. अर्धं सोललेलं संत्रं बशीत ठेवलं आणि हात रुमालाला पुसले.

"कधीतरी कळणारच होतं," ते म्हणाले.

"का केलंत असं?"

"त्याचं परदेशी जायचं पक्कं झालं होतं. पोलिसांत त्याचं नाव गेलं असतं तर सगळं फिसकटलं असतं. आणि तो... तुला माहीत आहे तो कसा आहे. त्याला झेपलं नसतं. त्याने काहीतरी बरंवाईट करून घेतलं असतं."

"आणि मला?"

"तू सोसशील असं वाटलं," वडील म्हणाले. "तू आधीपासूनच घट्ट मनाची. तुझ्यावर माझा विश्वास होता."

लहानपणापासून वडिलांच्या तोंडून ऐकायला ती आसुसलेली असायची असंच हे वाक्य होतं.

"आईला सांगितलं होतंत?"

"नाही."

"नऊ वर्षं ती अंथरुणावर होती, बाबा. नऊ वर्षं तिला वाटत होतं की हे मी केलं. तसंच वाटत ती गेली. एकदा तरी तिच्या कानात सांगायचंत. मी घरात नसताना सांगायचंत."

"तिला सांगितलं असतं तर तिचा मुलगा गेला असता गं तिच्या मनातून," वडिलांचा आवाज चिरकला. "तो इतका लांब, वर्षा-दोन वर्षांनी यायचा. मग तिला काय उरलं असतं?"

"आणि मुलगी?"

"मुलगी तर जवळ होतीच."

ते बोलून गेले आणि मग आपण काय बोललो ते बहुधा त्यांनाच ऐकू आलं. त्यांनी मान खिडकीकडे वळवली. धाकटी उठली, बशीतल्या साली उचलून टोपलीत टाकल्या, बशी धुतली आणि ऑफिसला निघून गेली. दिवसभर तिने शाळेच्या दाखल्यांवर शिक्के मारले. एकही शिक्का वाकडा पडला नाही, याचं तिला नंतर नवल वाटलं.

शनिवारी थोरला आला. पांढरे व्हायला लागलेले केस, पोट सुटलेलं, हातात वडिलांसाठी उबदार शाल आणि बहिणीसाठी अत्तराची बाटली. वडील त्याच्याशी तुटक बोलत होते, पण ते प्रवासाच्या शिणामुळे त्याच्या लक्षात आलं नाही. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी यायचं होतं, म्हणून दुपारी दोघं भावंडं गॅरेजमध्ये गेली. मीटरने गाडी तशीच ठेवली होती. धाकटीने त्याला सांगितलं होतं, तो जोड मी स्वतः करणार.

"तू?" थोरला म्हणाला. "अगं कशाला? यांना करू दे की."

"गाडीत बस," ती म्हणाली. "सांगेन तेव्हा ब्रेक दाब. एकट्या माणसाला ब्रेकचे दिवे बघता येत नाहीत, एक पुढे लागतो, एक मागे."

तो बसला. मीटरने डाग द्यायची तापलेली कावी तिच्या हातात दिली आणि चहा सांगून येतो म्हणून बाहेर गेला.

तिने लाल तार पिळ्यासकट कापून काढली. स्वतःच्या काळ्या तारेचं टोक सोललं. तांबं आत अजून स्वच्छ होतं. नवीन तुकडा जोडला, डाग दिला, नळी चढवली, टोकाला रिंग बसवली. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला आणि बोल्ट आवळला. हात विसरले नव्हते.

"दाब."

दोन्ही दिवे लालभडक लागले.

"लागले का?" पुढून थोरल्याने विचारलं.

"लागले. सोड. आता परत दाब. दाबून धर."

मग लाल प्रकाशात उभं राहून ती म्हणाली, "दादा, डिकीत तुझा स्पीकरचा डबा होता."

दिवे तसेच लागलेले होते. त्याचा पाय पेडलवरच होता.

"कसला डबा?"

"डेंटरकाका जिवंत आहेत. मी भेटून आले. बाबांनीही कबूल केलंय."

दिवे विझले. दार उघडलं, पण तो उतरला नाही, एक पाय बाहेर टाकून तसाच बसून राहिला. ती चालत पुढे गेली. तो स्टिअरिंगकडे बघत होता.

"मी चोवीस वर्षांचा होतो," तो म्हणाला.

"मी एकवीस."

"मित्रांबरोबर सहलीला जायचं होतं, म्हणून बसवला होता. नंतर काढणारच होतो. दिवे लागत नाहीत हे मला माहीत नव्हतं, खरंच. अपघातानंतर कळलं. पोलिसाने विचारलं तेव्हा माझ्या तोंडून तुझं नाव गेलं, ते खरंही होतं, वायरिंग तूच केलं होतंस. मी सांगणार होतो. मग बाबा म्हणाले, आता गप्प बस, तिचं काही बिघडत नाहीये, पोलिसांनी प्रकरण बंद केलंय."

"काही बिघडत नाहीये," धाकटी म्हणाली.

"मला झोप लागायची नाही. तुला काय वाटतं, मी सुखात होतो?"

"तू दर वर्षी मला फोन करायचास. चूक कुणाच्याही हातून होते, म्हणायचास. दादा, तू मला माफ करायचास. बावीस वेळा तू मला माफ केलंस. न सांगणं मी समजू शकते, घाबरला असशील. पण ते फोन का करायचास?"

"तुला बरं वाटावं म्हणून," तो म्हणाला. आपल्यालाच पटत नसलेलं तो बोलतोय हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्याने आपला हात पुढे केला. तिने तो घेतला नाही.

"मावशीला फोन लाव," ती म्हणाली. "आत्ता. आणि सांग."

"आता त्याचा काय उपयोग आहे? आई गेली. मावशी ऐंशीची. मी उद्या-परवा जाणार. जाऊ दे ना."

"लाव."

त्याने फोन हातात घेतला, नंबर काढला, स्क्रीनकडे बघितलं आणि फोन पुन्हा खिशात टाकला. "नंतर लावतो. नक्की," म्हणाला. मीटर चहाचे पेले घेऊन आला, तेव्हा थोरला घाईघाईने डोळे पुसून गिऱ्हाईकाला वेळ कळवायला बाहेर गेला.

गाडी विकली गेली. गिऱ्हाईकाने मागे उभं राहून दिवे पाहिले, वायरिंग पाहिलं, आणि हे कुणाचं काम म्हणून विचारलं. थोरल्याने बहिणीकडे पाहिलं. तिने स्वतःच सांगितलं, "माझं." थोरला तिसऱ्या दिवशी परतला. मावशीला त्याने फोन केला नव्हता. निघताना वडिलांच्या पाया पडला, बहिणीला म्हणाला, "पोचल्यावर बोलू." पोचल्यावर त्याचा फोन आला तो वडिलांच्या औषधांबद्दल.

धाकटीने दहा दिवस वाट पाहिली. मग ती मावशीच्या घरी गेली. मावशीने दार उघडलं आणि तशीच दार धरून उभी राहिली. आत ये म्हणाली नाही. धाकटीने दारातच सगळं सांगितलं, न रडता, शाळेत दाखला वाचून दाखवतात तसं. ऐकता ऐकता मावशी चौकटीला टेकत टेकत खाली उंबऱ्यावरच बसली.

"मग इतकी वर्षं तू बोलली का नाहीस?" तिने विचारलं.

"मला तरी कुठे माहीत होतं, मावशी. मलाही वाटायचं मीच केलं."

मावशीने तिचा हात ओढून तिला शेजारी बसवलं. बराच वेळ दोघी उंबऱ्यावर बसून होत्या. मावशी मधेच म्हणाली, "तुझ्या आईला कळायला हवं होतं." थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाली. आता मावशी दर गुरुवारी घरी येते. धाकटीशी बोलते, चहा पिते. वडिलांच्या खोलीत जात नाही.

धाकटीने नोकरी सोडलेली नाही. पण शनिवार-रविवार ती मीटरच्या गॅरेजमध्ये जाते. जुन्या गाड्यांचं वायरिंग तिथे आता तिच्याकडे असतं. मीटर तिच्या कामात बोट घालत नाही. फक्त एखादं गिऱ्हाईक "बाई करणार का हे?" म्हणालं, तर त्याच्याकडे चष्म्यावरून बघतो.

वडिलांचं सगळं ती करते. जेवण वेळेवर, औषधं वेळेवर, कपडे धुतलेले. पूर्वी संध्याकाळी ती त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची, ते बंद झालं. आता ते भिंग घेऊन स्वतःच वाचत बसतात. मोठी अक्षरं तेवढी लागतात. पायाला तेल लावायला एक बाई ठेवली आहे.

मागच्या रविवारी ती गॅरेजला निघाली तेव्हा त्यांनी खुर्चीतून हाक मारली. ती दारात थांबली.

"मी तेव्हा," ते म्हणाले, आणि अडखळले. "मला तेव्हा वाटलं होतं, की..."

ती थोडा वेळ थांबली. ते काठीची मूठ हाताने गोल गोल फिरवत राहिले.

"गोळ्या टेबलावर ठेवल्यात," ती म्हणाली. "जेवणानंतरची पांढरी." आणि चपला घालून ती बाहेर पडली.